हुशार मुलाला पुरेसं आव्हान मिळतंय का? पालक आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत 'आव्हान' हा शब्द सगळेच वापरतात, पण प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो. आईवडिलांना वाटतं, मूल वर्गात नुसतं बसून येतं. शिक्षकांना वाटतं, सगळं बरोबर सोडवतंय, वर्गात पहिलं आहे, मग अडचण कुठे आहे? खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. काही कामं घरी करायची आहेत, काही वर्गात.

पैकीच्या पैकी गुण मिळतात. म्हणजे सगळं ठीकच चाललंय ना?

गुणांवरून ते कळत नाही. पैकीच्या पैकी गुण मिळाले याचा अर्थ इतकाच, की मुलाला जे येतं ते संपण्याआधी प्रश्नपत्रिका संपली. तीस सेंटिमीटरच्या पट्टीने मोजलं तर तीसच्या पुढची प्रत्येक काठी सारखीच दिसते. त्या इयत्तेत जे यायला हवं ते आलंय का, एवढं तपासायला प्रश्नपत्रिका काढलेली असते, आणि ते काम ती नीट करते. त्यापलीकडे मूल कुठवर पोचलंय हे ती सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. घटक शिकवून झाल्यावर चाचणी घेतली की मुलाला आज काय येतं ते कळतं. शिकवायच्या आधीच ते येत होतं का, हे कळायला मार्ग नसतो. वर्षभर पहिला नंबर काढूनही एखादं मूल त्या वर्षात फारसं काहीच नवीन शिकलेलं नसतं, आणि गुणपत्रिकेवर त्याचा मागमूसही दिसत नाही.

उलटही खरं आहे. गुण कमी पडतात म्हणून काम कठीणच असणार, असं धरू नका. बरीच हुशार मुलं सोप्या कामातच गुण घालवतात.

मग नेमकं काय बघायचं?

तीन गोष्टी बघा: कामाला लागणारा वेळ, चुका कोणत्या होतात, आणि अडल्यावर मूल काय करतं. तिसरी सर्वांत जास्त बोलते.

मुलाच्या शेजारी बसा आणि उत्तरांऐवजी हाताकडे बघा. काम फार सोपं असेल तर पेन्सिल थांबत नाही. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत लिहायला सुरुवात होते, नजर मधेच खिडकीबाहेर जाऊन येते, तरी उत्तर बरोबर येतं. काम बेताचं कठीण असेल तर पेन्सिल थांबते. मूल प्रश्न दुसऱ्यांदा वाचतं, समासात बारीकशी आकृती काढतं, ओठ हलवत काहीतरी मोजतं, दोन ओळी चुकीच्या वाटेने जातं, खोडतं आणि आपणहून मागे फिरतं. काम झेपण्यापलीकडचं असेल तर पेन्सिल थांबते ती थांबतेच. मूल तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधायला लागतं, अंदाजाने आकडे टाकतं, पाणी प्यायला उठतं.

यातलं मधलं चित्र रोज कुठल्या तरी एका विषयात काही मिनिटं तरी दिसायला हवं. आठवडेच्या आठवडे पहिलंच चित्र दिसत असेल, तर गुण कितीही असोत, आव्हान कमी आहे.

किती चुका व्हायला हव्यात? काही आकडा आहे का?

वाचनासाठी एक जुना ठोकताळा आहे. एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये तो मांडला. शंभरातले ९९ शब्द बिनचूक वाचता आले आणि ९० टक्के आशय समजला, तर तो मजकूर मुलाने एकट्याने वाचायचा. ९५ शब्द आणि ७५ टक्के आशय, तर तो शिक्षकाच्या मदतीने शिकायचा. शब्द ९० च्या खाली किंवा आशय निम्म्याच्या खाली गेला, तर तो मजकूर मुलाला छळणारा. हुशार मुलांच्या बाबतीत मात्र शब्दांच्या आकड्यावर विसंबू नका. ती पुष्कळ पुढची पुस्तकं न अडखळता वाचतात आणि ऐकणारा फसतो. वाचून झाल्यावर 'या माणसाने असं का केलं असेल?' असं विचारा. उत्तर पुस्तकातल्याच वाक्यात आलं तर अजून खोल जायला जागा आहे.

गणितासारख्या विषयात वापरायला सोपा असा ढोबळ नियम सांगतो. नवीन काही शिकत असताना दहापैकी सातआठ पहिल्या झटक्यात बरोबर यावीत. सलग दोन आठवडे दहापैकी दहा येत असतील तर पातळी वाढवा. पाचच्या खाली गेलं तर एक पायरी उतरा. हा नियम शिकण्याच्या कामाला आहे. पाढ्यांसारखी गोष्ट हातात बसवायचा सराव चालू असेल तर तिथे दहापैकी दहाच हवेत. आणि खरोखर अवघड कोडं असेल तर पाचपैकी दोन सुटली तरी हरकत नाही, फक्त उरलेल्या तिनांकडे परत जायची मुलाची इच्छा टिकली पाहिजे.

या सगळ्यामागचा विचार लेव वायगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा आहे. ते १९३४ मध्ये वारले, पण शिक्षक आजही त्यांच्या भाषेत बोलतात. मूल एकट्याने जे करतं आणि जाणत्या माणसाच्या थोड्याशा मदतीने जे करू शकतं, या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. हुशार मुलाचा हा पट्टा वर्गाच्या पट्ट्याच्या वर असतो, इतकाच फरक. मदतीची गरज त्यालाही असते, आणि ही गोष्ट फार वेळा विसरली जाते.

घरी नोंद कशी ठेवायची?

दोन आठवडे पुरतात. एक वही घ्या आणि दिवसाला एकदोन ओळी लिहा: काय काम होतं, किती वेळ लागला, पहिल्यांदा किती बरोबर आलं, कुठे थांबलं, थांबल्यावर काय केलं, आणि आधी न येणारं काही आज आलं का. ओळी अशा दिसतील:

सोमवार. अपूर्णांकांची बेरीज, १२ गणितं. ९ मिनिटं. १२ बरोबर. कुठेही थांबली नाही. नवीन काही नाही.

बुधवार. आयताचा एक प्रश्न. २५ मिनिटं. पहिलं उत्तर चूक. चिडून वही मिटली. जेवणानंतर स्वतःहून परत काढली. बाजू उलटसुलट केल्या तरी आयत तोच राहतो, हे नवीन कळलं.

नोंदी बिघडतात त्या बहुधा एकाच कारणाने: दिसलं ते लिहायच्या ऐवजी आपला निष्कर्ष लिहिला जातो. 'कंटाळली' असं लिहू नका. 'तिसऱ्या गणितानंतर कडेला चित्र काढायला लागली' असं लिहा. आणखी दोन गोष्टी जपा. फक्त भांडणाचे दिवस लिहिले गेले तर नोंद एकतर्फी होते, म्हणून चांगला दिवसही लिहा. आणि मुलासमोर घड्याळ धरू नका. वेळ मोजतायत हे कळलं की काही मुलं धावतात, काही गोठतात.

दोन आठवड्यांनी प्रत्येक नोंदीचा शेवट वाचा. शाळेच्या दहा दिवसांत 'नवीन' म्हणण्यासारखं एकदोनदाच आलं असेल, तर शाळेत जाऊन बोलायला तेवढा आधार पुरे आहे.

मूल रोज म्हणतं, 'कंटाळा येतो.' म्हणजे काम सोपं आहे असंच ना?

तसं असेलच असं नाही, आणि या एका शब्दावर विसंबून बरेच निर्णय चुकतात. 'कंटाळा येतो' या एका वाक्यात मुलं निदान चार वेगळ्या गोष्टी सांगतात. हे मला येतं. हे मला येत नाही आणि तसं म्हणायची लाज वाटते. हे का करायचं ते कळत नाही. वर्गात माझ्याशी बोलणारं कोणी नाही.

'का?' विचारलं तर उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा, 'आज कुठल्या तासाला सगळ्यात जास्त कंटाळा आला? तेव्हा बाई काय करत होत्या? तू काय करत होतास?' मग त्याच धड्यातला एक कठीण प्रश्न समोर ठेवा. हसत सोडवला तर पहिलं कारण. टाळाटाळ झाली तर दुसरं. मधल्या सुट्टीबद्दल मूल काहीच सांगत नसेल तर चौथ्याचा विचार आधी करा.

शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, हेही काम सोपं असल्याचं लक्षण असू शकतं. पण कुणी त्रास देतंय का, झोप पुरते का, फळ्यावरचं दिसतं का, ऐकू नीट येतं का, हे आधी तपासून घ्या. डॉक्टरांकडे एक फेरी इथे वाया जात नाही.

वर्गात शिक्षकाला हे कसं दिसतं?

सगळ्यांना माहीत असलेली खूण म्हणजे काम लवकर संपवून दंगा करणारं मूल. ते निदान नजरेत तरी येतं. नजरेतून सुटतात ती दुसरी. एक मूल सगळं वेळेवर, नीटनेटकं करतं आणि कधीच काही विचारत नाही. एक मूल कठीण प्रश्न बरोबर सोडवतं आणि सोप्यात चुकतं, कारण सोपा प्रश्न त्याने वाचलेलाच नसतो. एक मूल गृहपाठ देतच नाही, पण तोंडी विचारलं की इतकं नेमकं बोलतं की वर्ग वळून बघतो. आणि एक मूल उत्तर येत असूनही हात वर करत नाही, कारण मागच्या वर्षी 'शहाणी आली' असं कुणीतरी म्हणालं होतं. मुली हे फार सफाईने लपवतात. भाषेची अडचण असलेली किंवा घरी पुस्तकं नसलेली मुलंही सुटून जातात, कारण हुशारी म्हणजे चटपटीत बोलणं अशी आपली समजूत असते.

एक साधा उपाय: आठवडाभर प्रत्येक तासाच्या शेवटी अर्ध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या. 'आज मला नवीन काय कळलं?' आणि 'अजून कुठे अडतंय?' ज्या मुलाचे पाचही कागद दोन्ही प्रश्नांना कोरे आहेत, त्याच्याकडे आधी बघा.

घटक शिकवायच्या आधी किती येतं ते कसं तपासायचं?

या पानावरचं एकच काम करायचं ठरवलं तर हे करा.

घटक संपल्यावर जी चाचणी घेणार आहात तीच, आकडे बदलून, घटक सुरू करायच्या आधी द्या. वीसपंचवीस मिनिटं पुरतात. चाचणी सगळ्या वर्गाला द्या. 'हुशार' म्हणून निवडलेल्या चौघांनाच दिली तर पाचवं मूल सापडायचं राहून जातं. याचे गुण कुठेही धरले जाणार नाहीत, हे आधी स्पष्ट सांगा, नाहीतर मुलं घाबरतात किंवा घरी पाठ करून येतात.

तपासताना एकूण गुण बघू नका, प्रश्नवार बघा. ८५ ते ९० टक्के आलं तर तो घटक मुलाला बहुतेक येतो. पण राहिलेले दहापंधरा टक्के एकाच उपघटकातले असतील तर तेवढा भाग त्याने वर्गाबरोबर शिकायलाच हवा. अशा सुटलेल्या जागा दोन वर्षांनी बीजगणितात डोकं वर काढतात.

पूर्ण चाचणीला वेळ नसेल तर स्वाध्यायातली सर्वांत कठीण पाच गणितं आधी करायची मुभा द्या. पाचपैकी चार, रीत दाखवून, बरोबर आली की उरलेली वीस करायची गरज नाही.

चुकतं कुठे? नुसते पर्याय निवडायचे प्रश्न दिले तर अंदाज आणि ज्ञान वेगळं करता येत नाही, म्हणून निदान दोन प्रश्नांत 'कसं काढलं ते लिही' असं हवं. दुसरं, रीत येते पण अर्थ येत नाही अशी मुलं पुष्कळ. पाऊण भागिले अष्टमांश विचारलं की 'उलटून गुणायचं' म्हणत क्षणात सहा सांगतात. त्यांना म्हणा, 'पट्टीचं चित्र काढून दाखव, पाऊणमध्ये अष्टमांश सहा वेळा बसतो कसा?' चित्र आलं तर पुढे जा. नाही आलं तर त्या मुलाचं आजचं आव्हान सापडलं.

भीती वाटते ती शिकवणं गाळण्याची. १९९३ मध्ये अमेरिकेत सॅली रीस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, निवडलेल्या हुशार मुलांचा ४० ते ५० टक्के नेहमीचा अभ्यासक्रम आधी तपासून गाळला गेला. नंतरच्या चाचण्यांत ती मुलं मागे पडली नाहीत.

पूर्वचाचणीत सगळं आलं. आता मोकळ्या झालेल्या वेळात काय द्यायचं?

काय द्यायचं नाही ते आधी. आणखी तीच गणितं नकोत. वीस गणितं लवकर संपवल्याबद्दल आणखी वीस मिळतात हे एकदा कळलं, की मूल सावकाश काम करायला शिकतं, आणि ही सवय मोडायला फार कष्ट पडतात. फळा पुसणं, वह्या वाटणं, कोपऱ्यात बसून काहीही वाचणं हेही नको. कधीतरी ठीक, रोज नाही.

वर्गाचाच विषय घ्या आणि प्रश्न खुला करा, म्हणजे शोधायला वाव राहील. वर्ग आयताचं क्षेत्रफळ शिकतोय: लांबी ८, रुंदी ५, क्षेत्रफळ काढा. या मुलाला द्या: परिमिती २४ असलेले, पूर्ण संख्येच्या बाजूंचे सगळे आयत शोध. सर्वांत मोठं क्षेत्रफळ कोणाचं? सहा बाय सहा, म्हणजे ३६, हे दहा मिनिटांत येईल. मग पुढचा: असे आयत शोध, ज्यांच्या परिमितीचा आणि क्षेत्रफळाचा आकडा एकच येतो. बाजू पूर्ण संख्याच हव्यात. चार बाय चार लवकर सापडतो, थोड्या वेळाने तीन बाय सहा. आणि मग विचारा, 'आणखी एकही नाही, हे मला पटवून दे.' इथे पेन्सिल थांबते. याच जागेसाठी सगळा खटाटोप.

भाषेतही तसंच. वर्ग धड्यातल्या प्रसंगाचा सारांश लिहीत असेल तर या मुलाला तोच प्रसंग खोटं बोलणाऱ्या पात्राच्या तोंडून लिहायला सांगा. अट एकच: ते खोटं बोलतंय हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, पण तसं कुठेही लिहायचं नाही.

अशा कामाला आठवड्यातून दोनदा तरी शिक्षकाची पाच मिनिटं मिळाली पाहिजेत. 'ती करेल आपली आपण' म्हणून सोडून दिलेलं काम तिसऱ्या आठवड्यात मरतं. अडल्यावर काय करायचं तेही ठरवून ठेवा: तीन वेगळ्या वाटांनी प्रयत्न, मग अडलेली जागा कागदावर लिहून ठेवायची आणि दुसऱ्या कामाकडे वळायचं. आणि या कामाच्या गुणांमुळे मुलाचा निकाल खाली येता कामा नये. कठीण काम घेतल्याची शिक्षा झाली तर मूल पुन्हा ते घेणार नाही.

हुशार मुलाला मागे पडलेल्यांना शिकवायला बसवलं तर? त्यालाही फायदा होतो म्हणतात.

कधीमधी होतो. समजावताना स्वतःची समज पक्की होते. पण तीच त्याची रोजची जागा झाली तर तो बिनपगारी मदतनीस होतो आणि स्वतः काही शिकत नाही. शिवाय ज्याला गोष्ट क्षणात कळली त्याला ती दुसऱ्याला का कळत नाही हे उमगत नाही, आणि दोघंही चिडतात.

वरच्या इयत्तेची चाचणी देऊन बघावी का?

अवश्य. पट्टी पुरत नसेल तर लांब पट्टी घ्यायची, इतकी साधी ही कल्पना आहे. १९७१ मध्ये ज्युलियन स्टॅन्ली यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी महाविद्यालयात प्रवेशासाठी असलेली परीक्षा बारातेरा वर्षांच्या मुलांना दिली. इयत्तेच्या परीक्षेत सगळी टोकाला एकत्र बसलेली ही मुलं त्या परीक्षेत दूरदूर पसरली, आणि कोण किती पुढे आहे ते दिसलं.

घरी किंवा शाळेत करायचं तर एका विषयाची, दोन इयत्ता पुढची वार्षिक प्रश्नपत्रिका द्या. 'यातलं बरंच तुला शिकवलेलं नाही, जमेल तेवढं कर' असं सांगून बसवा. ९० च्या पुढे गुण आले तर त्याहून वर बघा. ५० ते ७० आले तर त्या मुलाची शिकायची जागा तिथे कुठेतरी आहे, आणि चुकलेल्या प्रश्नांची यादी हाच त्याचा अभ्यासक्रम. ४० च्या खाली आले तर एक इयत्ता उतरून पुन्हा. या गुणांची तुलना वरच्या वर्गातल्या मुलांशी कुणाच्या तोंडून होऊ देऊ नका.

बुद्ध्यांक काढून घ्यावा का?

बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरलेली असते, आणि १३० च्या वर शंभरात साधारण दोन मुलं येतात. तो आकडा मुलाची विचार करायची क्षमता सांगतो. या वर्गातलं हे काम त्याला पुरतंय का, हे सांगत नाही. त्यासाठी पूर्वचाचणी आणि तुमची वही जास्त उपयोगी.

तरीही आकड्याने अंदाज येतो. लेटा हॉलिंगवर्थ यांनी असाधारण मुलांच्या अभ्यासावरून लिहून ठेवलंय, की साध्या प्राथमिक वर्गात १४० बुद्ध्यांकाच्या मुलाचा निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या वरच्यांचा जवळजवळ सगळाच. हे लिखाण १९४२ मध्ये प्रसिद्ध झालं.

चाचणी करून घ्यावी अशा वेळा: बोलणं आणि लिहिणं यांत न कळणारी तफावत असेल, शिकण्यातल्या अडचणीची शंका असेल, किंवा इयत्ता ओलांडायचा निर्णय घ्यायचा असेल. अहवाल आला की एकूण आकड्यापेक्षा उपचाचण्यांचे आकडे वाचा. एक फार वर आणि एक फार खाली असेल तर एकूण आकडा दिशाभूल करतो.

गणितात तीन वर्षं पुढे, पण अक्षर आणि लेखन मागे. कुठली पातळी धरायची?

दोन्ही, वेगवेगळ्या. हुशार मुलं सगळ्या अंगांनी सारख्या वेगाने वाढत नाहीत. सात वर्षांच्या मुलाचं डोकं दहाव्या वर्षात आणि बोटं सातव्यातच असतात. 'आधी अक्षर सुधार, मग पुढचं गणित' ही अट घालू नका. गणित तोंडी सांगू द्या, टाइप करू द्या, आणि लेखनाचं काम त्याच्या पातळीवर वेगळं करून घ्या. तफावत वर्षभर तशीच राहिली तर वाचन, लेखन आणि लक्ष या तिन्हींची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. हुशारी आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, एकाच मुलात असू शकतात, आणि ती एकमेकींना इतकं झाकतात की मूल बाहेरून अगदी मध्यम दिसतं.

कठीण गणित दिसलं की रडतं किंवा सोडून देतं. म्हणजे झेपत नाही का?

बहुतेकदा सवय नसते. वर्षानुवर्षं सगळं पहिल्या फटक्यात आलेल्या मुलाला अडणं म्हणजे काय हे माहीतच नसतं. अडलं म्हणजे आपण हुशार नाही, असा अर्थ ते लावतं. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत 'तू किती हुशार' अशी शाबासकी मिळालेली मुलं, पुढे कठीण प्रश्नांत अपयश आल्यावर, मेहनतीची शाबासकी मिळालेल्या मुलांपेक्षा लवकर खचली.

म्हणून काम देतानाच सांगा, 'या पाचांतली दोन आज सुटणार नाहीत असं मी धरून चाललोय.' सुरुवातीला पंधरा मिनिटांची मर्यादा ठेवा आणि अर्धवट राहिलं तरी उद्यावर टाका. पहिली दहा मिनिटं जवळ बसा. मदत करायची तर याच क्रमाने: प्रश्न तुझ्या शब्दांत सांग, आकडे लहान करून बघ, चित्र काढ, अशासारखं आधी काय सोडवलंयस? रीत सांगू नका. रीत सांगितली की गणित सुटतं आणि मुलाला जे करायचं होतं ते तुम्ही केलेलं असतं.

महिनाभरात रडणं कमी होत गेलं तर सवयीचा प्रश्न होता. झोप उडाली, वही लपवली जाऊ लागली, उत्तरं नकलून यायला लागली, आवडता विषय नकोसा झाला, तर पातळी खरंच जास्त आहे. एक पायरी खाली या, आणि ते मुलाला हार वाटणार नाही अशा बेताने करा.

इयत्ता ओलांडायची वेळ कधी येते?

बहुतेक मुख्य विषयांत मूल वर्गाच्या वर्षदोन वर्षं पुढे असेल आणि वर्गात राहून केलेले बदल पुरत नसतील तेव्हा. एकाच विषयात पुढे असेल तर त्या तासापुरतं वरच्या वर्गात बसवणं चांगलं. मोठी अडचण बहुधा वेळापत्रकाची येते, म्हणून दोन्ही वर्गांचा तो तास एकाच वेळी ठेवावा लागतो.

दोन गोष्टींवर ठाम राहा. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर करू नका. मोठं भावंड त्याच वर्गात असेल तर करू नका. वरच्या वर्गातल्या बाई मनापासून तयार आहेत का ते आधी विचारा, सुटणाऱ्या भागाची यादी करून तो महिनाभरात भरून काढा, आणि सहा आठवडे 'बघू या' म्हणून ठेवा, म्हणजे परत येणं नामुष्कीचं ठरत नाही. उंची कमी आहे हे कारण नव्हे.

शिक्षकांशी कसं बोलायचं, की त्यांना टीका वाटणार नाही?

'तुम्ही शिकवता ते त्याला फारच सोपं जातं' हे वाक्य घरीच ठेवा. पुढे कितीही चांगलं बोललात तरी ऐकणाऱ्याच्या कानात तेवढंच राहतं. दोन आठवड्यांची वही घेऊन जा आणि एका विषयासाठी एकच विनंती करा: 'सर, पुढच्या घटकाची चाचणी आधी देऊन बघता येईल का? प्रश्न मी टाइप करून आणते.' सहा आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख तिथेच ठरवा. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला मोघम तक्रारीचं काय करायचं ते कळत नाही, पण एक छोटं, ठरलेलं काम जमतं.

मी शिक्षक आहे. पालक म्हणतात मूल फार पुढे आहे, मला वर्गात तसं दिसत नाही.

दोघंही खरं सांगत असू शकता. घरी मूल आवडीच्या विषयात, हव्या त्या वेगाने काम करतं. वर्गात त्याला जेवढं विचारलं जातं तेवढंच ते दाखवतं. घरचं काम बघायला मागवा, आणि पूर्वचाचणी द्या. तरीही दिसलं नाही तर पालकांना चाचणीचा कागदच दाखवा. त्यावर बोलणं सोपं जातं.

बाहेरचे क्लास लावलेत. मग शाळेत बदल कशाला?

क्लासने संध्याकाळ भरते. दिवसाचे पाचसहा तास तसेच राहतात. शाळेचाच पुढचा धडा आधी शिकवणारा क्लास तर वर्गातला कंटाळा वाढवतो.

एकदा सगळं जुळलं की किती दिवसांनी परत बघायचं?

दर घटकाला पूर्वचाचणी, दर सहा ते आठ आठवड्यांनी एकत्र बसून आढावा. हुशार मुलं नव्या पातळीला भराभर सरावतात. मार्चमध्ये पेन्सिल थांबवणारा प्रश्न मे महिन्यात थांबवत नाही.

मुलालाच विचारलं तर चालेल का?

विचारायलाच हवं, फक्त 'कठीण होतं का?' असं नको, त्याचं उत्तर कायम 'नाही' येतं. हे विचारून बघा: आज कुठल्या गोष्टीचा सगळ्यात जास्त वेळ विचार करावा लागला? आज काय चुकलं, आणि ते तुला कसं कळलं? तुझ्यासाठी प्रश्न तूच काढायचा असता तर कसा काढला असतास? तिसऱ्या प्रश्नावर मूल जो प्रश्न काढून दाखवेल तो जपून ठेवा आणि पुढच्या भेटीत शिक्षकांना दाखवा.